‘हं’ म्हणजे ‘हो’ नव्हे

(समुदाय रेडिओवरील भाषण)



दुपारची वेळ आहे. कुणाची भांडी आवरत आली असतील, कुणाच्या मांडीवर बिडीचं सूप असेल, कुणी शिलाई मशीनवर बसली असेल. हात चालू राहू द्या, कान तेवढे इकडे द्या. आम्ही बचत गटांचं काम पाहणाऱ्या सहयोगिनी आज तुमच्याशी ऐकण्याबद्दल बोलणार आहोत. ऐकायला काय शिकायचं, कान आहेत की, असं तुम्ही म्हणाल. पण दहा घरांतल्या दहा बायकांना एका सतरंजीवर बसवून पैशांचे ठराव करायचे, तर नुसते कान पुरत नाहीत.

आधी एक साधी गोष्ट बघा. शाळेत बाईंनी आपल्याला काय शिकवलं? हाताची घडी, तोंडावर बोट. हाताची घडी घालून बसणारं मूल म्हणजे शहाणं मूल, नीट ऐकणारं मूल. आता कार्यालयांमधल्या प्रशिक्षणांत काय सांगतात? समोरच्या माणसानं हाताची घडी घातली की समजावं, त्याला तुमचं म्हणणं पटलेलं नाही, त्यानं मनाचं दार लावून घेतलंय. हे शिकवणाऱ्या पुस्तकांपैकी पुष्कळशी अमेरिका-युरोपातल्या माणसांकडे पाहून लिहिलेली आहेत. आपल्या बैठकीत एखादी आजी हाताची घडी घालून बसली, तर ती रागावली असेल, किंवा शाळेत शिकवलेला मान देत असेल, किंवा दिवसभर बिड्या वळून बोटं दुखत असतील म्हणून ती काखेत दाबून धरली असतील. यातलं खरं काय, ते घडीकडे बघून कळत नाही. आजीला विचारल्यावर कळतं.

माणसांकडून काम करून घेणाऱ्याला मॅनेजर म्हणतात. मॅनेजर म्हटलं की आपल्या डोळ्यांसमोर टेबल, खुर्ची आणि गळ्यात ओळखपत्र येतं. पण गटाची अध्यक्ष आणि सचिव काय वेगळं करतात? हिशोब बघतात, भांडणं मिटवतात, हप्ते वेळेवर येतील हे पाहतात, बँकेत जाऊन बोलतात. तीही मॅनेजरच. म्हणून आजचं बोलणं गटाच्या सगळ्या अध्यक्षांसाठी, सचिवांसाठी आणि उद्या ज्या होतील त्यांच्यासाठीही आहे.

आणि हे बोलणं आपल्या सोलापुरात तर फारच गरजेचं आहे. आपल्या गावात एका गल्लीत मराठी, दुसऱ्या गल्लीत तेलुगू, पुढच्या चौकात कन्नड आणि त्यापलीकडे दखनी उर्दू. पूर्व भागातल्या पद्मशाली घरांत आई मुलीला तेलुगूत हाक मारते आणि मुलगी मराठी शाळेचा अभ्यास करता करता उत्तर देते. अक्कलकोटकडून आलेली सून कन्नडमध्ये हिशोब घालते. एका गटात कुणाला आपण ताई म्हणतो, कुणाला अक्का, कुणाला आपा. सगळ्या एकमेकींच्या भाषेतलं थोडं थोडं जाणतात. ही आपल्या गावाची श्रीमंती आहे. पण थोडं थोडं कळतं, म्हणूनच सगळं कळलं असंही वाटून जातं, आणि तिथंच घोटाळा होतो.

असाच एक घोटाळा एका गटातल्या बायकांनी आम्हाला सांगितला. वस्तीचं आणि कुणाचं नाव सांगत नाही. अकरा जणींचा गट, त्यात निम्म्या बिडी कामगार. बँकेचं कर्ज मंजूर झालं होतं आणि त्यातले ३० हजार एका अक्काच्या नावावर द्यायचे, असा विषय निघाला. पैसे हवे होते तिच्या दिराला, रिक्षासाठी. तिची जाऊ त्याच गटात होती. अक्काला मराठी बेताचं, म्हणून जाऊच मराठीत सगळं सांगत होती आणि तिला तेलुगूत समजावत होती. अध्यक्षांनी विचारलं, “चालेल ना अक्का?” अक्का म्हणाली, “सरे.” हप्ता किती ते सांगितलं. अक्का म्हणाली, “सरे.” सही कुठं करायची ते दाखवलं. पुन्हा “सरे”. ठराव वहीत लिहिलं, सर्वानुमते मंजूर.

तीन महिने हप्ते आले. चौथ्या महिन्यात दिरानं हात वर केले. कर्ज अक्काच्या नावावर आणि हप्त्याची जबाबदारी सगळ्या गटाची, कारण बँक पैसे देते ते गटाला. बैठकीत आवाज चढले. “तूच तर तीनदा हो म्हणालीस!” तेव्हा अक्का पहिल्यांदा सलग बोलली. ती म्हणाली, “मी सरे म्हटलं. ऐकतेय, कळतंय, एवढंच. आणि जावेच्या तोंडावर नको कसं म्हणू? रात्री त्याच घरात जायचंय मला.”

तिच्या शेजारी बसणारी बाई मग हळूच म्हणाली, “त्या दिवशी हिचे हात थांबले होते.” बिडी वळणाऱ्या बायकांची बैठक तुम्हाला माहीत आहे. मांडीवर सूप, सुपात कापलेली तेंदूची पानं, तंबाखू आणि दोरा. बोलणं चालू असतं आणि बोटं आपली चालू असतात, कारण हजार बिड्यांचा हिशोब पुरा झाल्याशिवाय मजुरी नाही. नजर सुपात असते. नवीन आलेल्या साहेबाला वाटतं, या ऐकतच नाहीत. खरं तर त्या सगळं ऐकत असतात. ज्या विषयाला अक्काची बोटं थांबली, तो विषय तिला जड गेला होता. शेजारणीला ते दिसलं होतं. पण ते विचारायचं असतं, ही रीत गटात नव्हती.

ते कर्ज फिटायला दोन वर्षं लागली. त्यातले बरेच हप्ते अक्काच्या बिडीच्या मजुरीतून गेले. दोन बायका गट सोडून गेल्या. मैत्रिणींनो, ऐकण्यात चूक झाली की नुकसान असं होतं. ते रुपयांत मोजता येतं आणि बहुतेक वेळा सगळ्यांत गप्प बसणाऱ्या बाईच्या पदरात पडतं.

आता ‘सरे’ या शब्दाकडे बघू. तेलुगूत त्याचा अर्थ ठीक आहे, बरं. कधी त्यात होकार असतो, कधी नुसतं ‘बरं, पुढं सांग’ असतं. आपल्या मराठीत ‘बरं’चं तेच आहे. सासूबाई काही सांगत असतात आणि सून “बरं, बरं” म्हणत असते. ती सगळं करणार आहे, असं थोडंच असतं! आणि आपलं ‘हं’? ‘हं’ म्हणजे मी इथं आहे, बोला. ‘हो’ म्हणजे मला मान्य आहे. बोलताना दोन्ही सारखीच वाटतात, पण वहीत उतरवताना दोन्हींमध्ये फार अंतर आहे.

आणखी एक शब्द घ्या, ‘बघू’. बहुतेक मराठी घरांत ‘बघू’चा अर्थ ‘नाही’ असाच असतो, फक्त तोंडावर नाही म्हणायचं नसतं. ‘घरी विचारून सांगते’ हे तर दोन अर्थांचं आहे. कधी तिला खरंच विचारायचं असतं, कधी तो सुटकेचा रस्ता असतो. दखनी बोलणाऱ्या आपा मात्र एकदम ‘नक्को’ म्हणून मोकळ्या होतात. ते ऐकून मराठी बाईला वाटतं, किती तोडून बोलली. तिनं तोडलेलं नसतं. तिच्या बोलीत ते साधं ‘नको’ असतं.

हे फक्त आपल्याकडेच आहे, असं समजू नका. जपानी माणसं बोलणं ऐकताना मध्ये मध्ये ‘हाइ’ म्हणतात. शब्दकोशात त्याचा अर्थ ‘हो’. पण ऐकताना म्हटलेला ‘हाइ’ पुष्कळदा आपल्या ‘हं’सारखा असतो. अशा मधल्या हुंकारांना तिथं ‘आइझुची’ असं नावच आहे. पुण्यात जपानी भाषा शिकणाऱ्या आणि जपानी कंपन्यांसाठी काम करणाऱ्या मुलामुलींना हे आवर्जून शिकावं लागतं. नाहीतर समोरचा हो हो म्हणाला म्हणून काम पक्कं धरायचं आणि नंतर कपाळाला हात लावायचा.

मानेचंही तसंच. आपण मान वरून खाली हलवली की होकार. बल्गेरिया नावाच्या देशात तशी मान हलवली तर तो नकार असतो. आणि आपली ती डावी-उजवीकडे झुलणारी मान? तिचा अर्थ परदेशी पाहुण्याला लागता लागत नाही. तिच्यात होकार असतो, ‘ऐकतेय’ असतं, ‘ठीक आहे, काय करणार’ असतं आणि ‘कसली गुणाची पोर’ असं कौतुकही असतं. जिभेनं केलेला ‘च्’ घ्या. कुणाचा तो साधा ‘नाही’ असतो, कुणाची हळहळ असते, आणि ऐकणारीला वाटतं, हिला माझा कंटाळा आलाय.

दारावर नंदीबैल येतो, आठवतो ना? पाऊस पडेल का, बैल मान हलवतो. पोरीचं लग्न जमेल का, मान हलवतो. बैल मान हलवतो, कारण तसं त्याला शिकवलेलं असतं. अध्यक्षांनी “मान्य आहे ना? सगळ्यांना मान्य ना?” असं एका दमात विचारलं, की आपणही बायकांना तेच शिकवतो. मग माना हलतात आणि ठराव लिहिला जातो.

आता अंगठा बघा. अंगठा दाखवला म्हणजे ठेंगा दाखवला, नकार दिला, चिडवलं. अंगठा लावला म्हणजे सही केली, कर्ज घेतलं. आणि आजकाल गटाच्या व्हॉट्सॲपवर अंगठ्याचं चित्र टाकलं, म्हणजे काय? छान? मान्य? की नुसतं वाचलं? एका अंगठ्याचे इतके अर्थ आपल्याच घरात आहेत. म्हणून आमचं सांगणं आहे की पैशाचा कुठलाही ठराव व्हॉट्सॲपच्या अंगठ्यांवर मंजूर झाला, असं वहीत लिहू नका.

मग ऐकायचं कसं? यावर जाणत्या माणसांनी विचार केलेला आहे. कार्ल रॉजर्स नावाचे अमेरिकेतले मानसशास्त्रज्ञ होते. त्यांनी आणि रिचर्ड फार्सन यांनी १९५७ मध्ये एक छोटी पुस्तिका लिहिली. शिकागो विद्यापीठाच्या, कामगार आणि व्यवस्थापन यांच्या संबंधांचा अभ्यास करणाऱ्या केंद्रानं ती काढली. तिचं नाव ‘ॲक्टिव्ह लिसनिंग’, आपण त्याला लक्षपूर्वक, सक्रिय ऐकणं म्हणू. त्यांचं सांगणं थोडक्यात असं की समोरचा काय बोलतोय ते ऐका, त्या बोलण्यामागं त्याला काय वाटतंय तेही ऐका, आणि तो अडखळतो कुठं, आवाज, चेहरा, बसणं, हात यांत काय दिसतं त्याकडेही लक्ष द्या. मग जे कळलं ते त्याला परत सांगा आणि बरोबर का ते विचारा. यातलं शेवटचं सगळ्यांत महत्त्वाचं, आणि आपण नेमकं तेच गाळतो.

रॉजर्सनी भांडणांसाठी एक नियम सुचवला होता, तो आपल्या बैठकीत फार कामाचा आहे. दोघी भांडत असल्या तर प्रत्येकीनं आधी समोरचीचं म्हणणं आपल्या शब्दांत सांगायचं. समोरची “हो, हेच म्हणत होते मी” म्हणाली, की मगच आपलं बोलायचं. करून बघा. पहिल्या वेळी बायका हसतात. दुसऱ्या वेळी आवाज खाली येतो, कारण समोरचीचं सांगायचं तर आधी ऐकावं लागतं.

इथं एका आकड्याबद्दल सावध करायचंय. बऱ्याच प्रशिक्षणांत फळ्यावर लिहितात, बोलण्यातले शब्द फक्त ७ टक्के, आवाज ३८ टक्के आणि देहबोली ५५ टक्के. हे आकडे आल्बर्ट मेहराबियन या संशोधकांच्या १९६७ मधल्या दोन छोट्या प्रयोगांतून आले. त्यात आवाजात उच्चारलेले सुटे शब्द ऐकवले होते, चेहऱ्यांचे फोटो दाखवले होते, आणि प्रश्न एवढाच होता की बोलणाऱ्याच्या मनात आवड दिसते की नावड. सगळ्या बोलण्याला हे आकडे लावू नका, असं खुद्द मेहराबियन यांनीच सांगितलेलं आहे. विचार करा, व्याज महिन्याला दीड टक्का की दोन टक्के, हे कुणाच्या चेहऱ्यावरून कळेल का? शब्द लागतातच, आणि ते तिच्या भाषेतले लागतात. देहबोली एवढंच सांगते की इथं थांब, इथं विचारायला जागा आहे.

नजरेचं सांगते. प्रशिक्षणांत म्हणतात, डोळ्यांत डोळे घालून बोला, त्यातून आत्मविश्वास दिसतो. आपल्याकडे सुनेनं थोरल्या दिराच्या डोळ्यांत डोळे घातले तर काय म्हणतील? नजर खाली ठेवणं हा मान झाला. तीच सून माहेरी गेली की भावाशी डोळे वटारून भांडते. म्हणजे नजर नुसती भाषेवर किंवा धर्मावर ठरत नाही, समोर कोण बसलंय त्यावरही ठरते. गटात सासू-सून किंवा जावा-जावा असतील, तर तिथं सुनेची नजर खाली आहे म्हणून ती बावळट, असं धरू नका. तिला वेगळं गाठा. नळावर, जिन्यात, बैठकीनंतर सतरंजी गुंडाळताना. तिथं ती तुमच्याकडे बघून बोलेल.

बुरख्यातल्या आपांचा चेहरा नकाबात असला, की काही जणी म्हणतात, यांच्या मनातलं कसं कळणार? चेहरा दिसत नसला तरी आवाज ऐकू येतो, हात दिसतात, कुठं थांबली ते कळतं. फक्त बायकांची बैठक असली आणि दार लावलेलं असलं की बऱ्याच जणी नकाब वर करतात. मग बैठकीची जागा ठरवताना एवढंच बघायचं, की पुरुषांची ये-जा नसलेली खोली मिळेल का. ऐकण्याची तयारी जागा ठरवण्यापासूनच सुरू होते.

अंतराचंही एक शास्त्र आहे. एडवर्ड हॉल या अमेरिकी अभ्यासकांनी १९६६ च्या आपल्या पुस्तकात माणसं एकमेकांपासून किती लांब उभी राहतात, त्याची मापं दिली. अगदी जवळच्या माणसांत दीड फुटापर्यंत, ओळखीच्यांत चार फुटांपर्यंत, कामाच्या बोलण्यात त्याहून जास्त. पण त्यांनीच म्हटलं होतं की ही मापं अमेरिकेतल्या एका विशिष्ट वर्गाची आहेत, दुसरीकडे ती बदलतील. एसटीत दोघींच्या बाकावर तीन जणी मुलांसकट बसणाऱ्या आपल्याला हे वेगळं सांगायला नको.

पण आपल्याकडे अंतराची एक दुसरी बाजू आहे आणि ती सांगितल्याशिवाय पुढं जाता येणार नाही. बैठकीत कोण भिंतीला टेकून मध्यभागी बसतं आणि कोण दर वेळी उंबऱ्याजवळ, चपलांच्या बाजूला बसतं? कोण चहा घेतं आणि कोण “आत्ताच घेतला” म्हणून कप परत करतं? लांब बसणारी बाई लाजाळू आहे, असं आपण सहज म्हणतो. तिला किंवा तिच्या आईला कधीतरी कुणीतरी लांब बसवलेलं असतं, म्हणून ती आजही तिथं बसते. “अहो, या की पुढं” एवढं म्हणून ती पुढं येत नाही. आमच्या काही गटांनी यावर साधा उपाय केला. सगळ्या गोल बसतात आणि दर बैठकीला जागा बदलतात. वही ज्या बाईच्या हातात, ती मध्यभागी. उंबऱ्याजवळची बाई सहा महिन्यांत एकदा तरी वही घेऊन मध्ये बसतेच. तिथून बोललेलं सगळ्यांना ऐकू जातं.

आता तुमच्या हातात काही ठेवायचं, तर काय ठेवावं? आमच्या गटांमध्ये जे चालतं, ते सांगते.

पहिलं, प्रश्न असा विचारा की ‘हं’ म्हणून उत्तर देता येणार नाही. “मान्य ना?” ऐवजी विचारा, “यात कुणाला काय अडचण येईल?” “हप्ता ५ तारखेला चालेल?” ऐवजी विचारा, “तुमच्या हातात पैसे कोणत्या दिवशी येतात?” कुणाची मजुरी आठवड्याला येते, कुणाची महिन्याला. उत्तर आपोआप बाहेर येतं.

दुसरं, विचारल्यावर थांबा. मनात दहापर्यंत आकडे मोजा. आपल्याला शांतता सोसत नाही. आपण लगेच “मग धरू का मंजूर?” म्हणतो. पण दुसऱ्या भाषेत विचार करणाऱ्या बाईला आधी अर्थ लावायचा असतो, मग शब्द शोधायचे असतात. तेवढा वेळ तिचा आहे. मौन म्हणजे संमती असं म्हणण्याची आपली सवय आहे. गटात ती सोडायला हवी. मौन म्हणजे अजून उत्तर आलेलं नाही, एवढंच धरा.

तिसरं, ज्या बाईच्या नावावर कर्ज, तिनं स्वतः, तिच्या भाषेत, तीन गोष्टी सांगायच्या. पैसे कशासाठी, हप्ता किती आणि तो कुठून येणार. भाषा सगळ्यांना कळत नसेल तर गटातल्या दुसऱ्या बाईनं मराठीत सांगायचं. ही दुसरी बाई तिच्या घरातली नको आणि त्या पैशांत जिचा वाटा आहे अशीही नको. त्या अकरा जणींच्या गटानं नंतर हाच नियम वहीत लिहिला. आता तिथं तेलुगूत, कन्नडमध्ये, दखनीत ठराव बोलले जातात आणि मराठीत लिहिले जातात. बैठक अर्धा तास लांबते. बायका म्हणतात, लांबू दे.

चौथं, खुणेचा अर्थ लावण्यापेक्षा बदल बघा. एखादी नेहमी बडबडते आणि आज गप्प आहे, एखादी नेहमी पुढं बसते आणि आज मागं आहे, एखादीचे चालते हात थांबले आहेत. असं दिसलं की चारचौघींत “तुझं काय बिनसलंय?” असं विचारू नका. बैठक संपल्यावर हलकेच विचारा. आणि ती “काही नाही” म्हणाली, तर तो विषय तेवढ्यापुरता तिच्यावर सोडा. फक्त पैशाचा ठराव असेल तर तो पुढच्या बैठकीपर्यंत थांबवा. आठ दिवसांनी कर्ज मिळालं म्हणून सहसा कुणाचं बिघडत नाही.

पाचवं, आपल्या स्वतःच्या शरीराकडे बघा. आम्हा सहयोगिनींनाही हे लागू आहे. बायका खाली बसलेल्या आणि विचारणारी खुर्चीवर असेल, तर खालून वर बघून कोण मनातलं सांगेल? बोलणाऱ्या बाईकडे न बघता वहीत लिहीत राहिलं, मध्येच मोबाइल बघितला, तर तिला कळतं की आपलं बोलणं संपवायला हवं. खाली बसा, मोबाइल पिशवीत टाका, तिचं वाक्य पुरं होऊ द्या. तिचा उच्चार चुकला तर हसू नका. एकदा हसलं की ती पुढच्या वर्षभर तोंड उघडत नाही.

यावर काही जणी म्हणतील, एवढं सगळ्यांचं ऐकत बसलो तर वसुली कधी करायची? हा प्रश्न खरा आहे. ऐकणं म्हणजे प्रत्येकीचं मान्य करणं नव्हे. हप्ता चुकला तर तो मागावाच लागतो. नियम सगळ्यांना सारखाच असतो. पण आधी नीट ऐकलेलं असलं की मागताना आवाज चढवावा लागत नाही, कारण काय कबूल केलं होतं ते तिनं स्वतःच्या तोंडानं सांगितलेलं असतं आणि दहा जणींनी ते ऐकलेलं असतं. नाबार्डनं १९९२ मध्ये बचत गटांना बँकांशी जोडण्याचा प्रयोग सुरू केला, तो फक्त ५०० गटांचं उद्दिष्ट ठेवून. बायकांकडे तारण ठेवायला काही नव्हतं. एकमेकींवरचा विश्वास हेच तारण होतं. आजही तेच आहे. ते ‘सरे’चा अर्थ चुकून मोडायला नको.

येत्या बैठकीत एवढंच करा. ठराव वहीत ‘सर्वानुमते मंजूर’ लिहिण्याआधी पेन खाली ठेवा. सगळ्यांत कमी बोलणाऱ्या बाईकडे वळा आणि विचारा, “आपण आत्ता काय ठरवलं, ते तुमच्या भाषेत सांगा बरं.” ती जे सांगेल ते पुरं ऐका. मग लिहा.